मीशा, म्हणजे?

माझं नाव ऐकून माणसं आधी ओठाकडे बघतात,
मग डोळ्यांकडे.
दापोडीच्या शाळेत हजेरी घेताना
काळभोरबाई दर वेळी अडखळायच्या, ऱ्हस्व की दीर्घ,
आणि मागच्या बाकावरून कुणीतरी
हवेतच पीळ द्यायचं.

बारशाला अण्णांनी आत्याला नाव सांगितलं
तेव्हा ती म्हणाली, "यदू, पोरीला मिशा?"
तरी पाळण्यावर वाकून कुर्र केलंच तिनं, हसू दाबत.
माझ्या कानात नावाआधी
ते हसू गेलं असणार.

अण्णा खडकीच्या कारखान्यात फिटर.
लेथ रशियाहून आलं, माहितीपुस्तकासकट,
आणि पुस्तक कुणालाच वाचता येईना.
मग संध्याकाळी सायकलवरून रानडे इन्स्टिट्यूट.
परतताना हॅरिस पुलावर मोठ्यानं विभक्त्या चालवायच्या:
सहाच. आपल्याहून दोन कमी.
"स्वस्तात पडलं," म्हणायचे.

त्या लेथच्या खोक्याची एक फळी त्यांनी घरी आणली.
आतल्या बाजूला पेन्सिलीनं चार अक्षरं, वाकडी.
खिळे ठोकणाऱ्यानंच लिहिली असतील,
थंडीत, दुपारच्या सुट्टीत,
आपण इथं होतो एवढंच सांगायला.
वर्गात विचारलं तेव्हा कळलं:
कागदावर मिखाईल, घरात मीशा.
जसा आपल्याकडे दिगंबराचा दिग्या होतो
आणि आईनं हाक मारली की त्याला राग येत नाही.

फळी स्वयंपाकघरात लागली.
तिच्यावर हळदीचा डबा, मेथ्या, रॉकेलचं कुपन.

मी मोठी झाल्यावर कळलं, ते मुलाचं नाव आहे.
भांडले. चार दिवस बोलले नाही.
अण्णा म्हणाले, अगं, ते अस्वलाचंही आहे.
तिकडे जंगलात त्याचं खरं नाव कुणी घेत नसे.
घेतलं की तो येतो.
म्हणून मध खाणारा म्हणायचं.
मेद्वेद्. ऐक, त्यात आपलाच मध आहे.
आणि लाडात, मीशा.
आपण नाही रात्री सापाला लांबडं म्हणत?

एवढं बोलून ते सायकलची चेन साफ करायला बसले.

बाकीचं आत्यानं सांगितलं, फार उशिरा,
शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.
माझ्याआधी दोन.
बाराव्या दिवसापर्यंत एकही पोचलं नाही.
"मी म्हटलं, हिचं धोंडी ठेव, दगडाला कोण नेतंय.
तर तुझा बाप म्हणतो, दगड नको."
सालं तिनं पदरातच झाडली.

म्हणजे हे नाव नव्हतंच.
नावावर टाकलेली गोधडी होती.
जो कुणी न्यायला आला असेल त्यानं यादी चाळली असेल,
मुलगी शोधली असेल,
मिशा बघून पुढं गेला असेल.

पॅनकार्डाच्या खिडकीत मुलगा विचारतो,
मॅडम, हे शॉर्ट फॉर्म आहे ना, पूर्ण सांगा.
हेच पूर्ण आहे, मी सांगते.
घरात हाक मारायचं नाव घेऊनच
मी सत्तेचाळीस वर्षं बाहेर हिंडते आहे,
गाउनवर भाजी आणायला निघाल्यासारखी.

मिखाईलचा अर्थ मी शब्दकोशात पाहिला.
फार जुना शब्द, रशियाच्याही मागचा.
अर्थ कसला, प्रश्नच आहे:
देवासारखा कोण?

अण्णा आता शहाऐंशीचे. लेथ आठवतं, पूल आठवतो,
सहावी विभक्ती परवा अचूक म्हणून दाखवली.
माणसं मात्र निसटतात.
संध्याकाळी मी कुलूप उघडते, चपला काढते,
आतून आवाज येतो: "कोण?"

मीशा, मी म्हणते.

थोडा वेळ काहीच नाही.
फळीवर डबा सरकल्याचा आवाज.
मग, "बरं. चहात साखर कमी घाल."